सहा सेकंद

सोनगीरच्या टोलवर फास्टॅगनं नाही म्हटलं
म्हणून मी काच खाली केली.
दाराच्या पोटात काहीतरी खळ्ळकन् घसरलं
आणि काच गेली ती गेलीच.
बटण दाबलं की आत मोटर गुरगुरायची,
कुणी उत्तर टाळून नुसता घसा खाकरावा तशी.

मे महिना. धुळ्यापर्यंत
उजव्या गालाला झळा, डाव्या गालाला एसी.

गाडी लाल, दोन दारांची, सत्त्याण्णव सालची.
आत बसायचं म्हणजे पंगतीला बसायचं, इतकी बुटकी.
एकतीस वर्षं कॅश काउंटरच्या काचेमागे काढल्यावर
फंडाच्या पैशातून घेतली,
नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून.
बँकेतल्या बायका म्हणाल्या, त्यापेक्षा पाटल्या करायच्या.
मुलगा फोनवर म्हणाला, आई, हिचे पार्ट मिळणार नाहीत.
ते मात्र खरं निघालं.
मुंबईचा माणूस म्हणाला, पूर्ण संच बाहेरून येईल,
अठ्ठेचाळीस हजार, दीड महिना,
आणि आलाच तर.

पारोळा रोडला युनूस पिंजारी.
त्यानं दाराला कान लावला, बटण दाबायला सांगितलं,
पुन्हा एकदा दाबायला सांगितलं.
"मोटर मरेल नही, ताई. दोरी तुटेल शे.
बठ्ठं बदलानी काय गरज शे?"

मग स्क्रू. मग क्लिपा, टक् टक्,
त्यातल्या तीन मोडल्या आणि त्यानं स्वतःलाच शिवी दिली.
काळ्या डिंकानं चिकटवलेला प्लास्टिकचा कागद.
त्यामागे पत्र्याचं भोक, हात जेमतेम जाईल एवढं.
काच वर ओढून त्यानं खाकी टेपनं चौकटीला बांधली
आणि कोपरापर्यंत आत शिरला.
बाहेर काढलं ते असं:
शेंगांची टरफलं,
एक केसांचा चिमटा,
पाच रुपयांची नोट, ट्रॅक्टरवाली.
नोट बघून माझा अंगठा आपोआप जिभेकडे गेला.
आणि सगळ्यात शेवटी ती दोरी,
पोलादी, उसवलेली, नऊ तारांवर तगलेली,
आणि प्लास्टिकच्या कप्पीचा भुगा.

दोरी स्कूटरच्या क्लचची घेतली.
कप्पी शेजारच्या लेथवर मोतीरामनं नायलॉनच्या दांड्यातून काढली,
दोनदा चुकवून.
एवढ्यानं झालं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

दोरी चढवल्यावर युनूस गप्प झाला.
नखानं ती छेडली. ऐकली.
"अजून नही."
पाव आटा पिळला, पुन्हा छेडली.
त्याचे वडील दारोदार कापूस पिंजायचे.
तांत ढिली असली तर कापूस नुसता लोळतो,
जास्त ताणली तर तुटून तोंडावर येते, म्हणाला.
वडिलांच्या भुवईवर तसा वण होता.
गादीचं मशीन आलं, पिंजण माळ्यावर गेली,
कान तेवढा खाली राहिला.
पुन्हा छेडली.
"आते."

खरं सांगायचं तर
मला दोन्ही वेळेस आवाज सारखाच वाटला.

बटण दाबलं.
काच आली, अंगावर बोटांचे काळे ठसे घेऊन,
मध्ये एकदा अडखळली, मग आली.
डावीकडची दोन सेकंदांत चढते, ही सहा.
मोजल्याशिवाय मला राहवत नाही.
"हळू चढते," मी म्हटलं.
हात रॉकेलनं धूत तो म्हणाला,
"कसानी घाई शे तुमले?"
नऊशे रुपये घेतले.
ट्रॅक्टरची नोट घेतली नाही.

परत जायचं होतं घरी, देवपूरला,
मी गाडी उलटी घातली, लळिंगच्या घाटाकडे.
कारण नसताना काच खाली, काच वर.
शेजारच्या जीपमधली पोरं बघत होती, बघू देत.
सहा सेकंदांत बाहेरचं सगळं
बारीक बारीक होत जातं.
शेवटच्या बोटभर फटीतून
एका ट्रकचा हॉर्न आत आला
आणि काच बंद झाली.